झुंबरमावशीची सात पानं

मी लोणावळ्याजवळच्या औंढ्याचा गुरव, सोपान. चार यत्ता शिकलोय, म्हणून हे जमेल तेवढं शुद्ध सांगणार आहे. मधेच कुणी शंका काढली की मला राग येतो, आणि राग आला की माझं शुद्ध पार गुंडाळलं जातं. तेव्हा शंका शेवटी काढा.

लोकांना वाटतं गुरवानं नुसती देवळातली घंटा बडवायची. अहो, गावात कुणाकडं जेवण निघालं की घरोघर आवतन द्यायचं आणि जेवायला पत्रावळी लावून पुरवायच्या, हेही माझंच काम. आवतन दोन तऱ्हेचं. ‘घरटी माणूस’ म्हणजे एका घरातून एकानंच यायचं. ‘चूलबंद’ म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही, रांगत्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी यायचं. चूलबंद असलं की उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या आणि विचारायचं, किती पानं? घरच्यांनी जो आकडा सांगितला तेवढी पानं यजमानानं मांडलीच पाहिजेत. अक्षता पडल्यावर आकडा मागं घेता येत नाही. घेतला तर त्या घराचा अपमान, आणि आमच्याकडं अपमान झालेलं घर नातवंडांची लग्नं होईपर्यंत बोलत नाही.

पस्तीस साली माझा चुलता गुडघ्यांनी बसला आणि हे काम माझ्या गळ्यात पडलं. पहिलंच आवतन आलं ते पोलीस पाटलाचं, दत्तोबाचं. त्यानं नवं कौलारू घर बांधलं होतं. त्याची वास्तुशांत, सगळ्या गावाला चूलबंद. मी धुतलेलं धोतर नेसून, हातात अक्षतांचं ताट घेऊन असा ऐटीत निघालो की जणू घर मीच बांधलंय. चुलत्यानं निघताना बजावलं होतं, वरच्या अंगाच्या झुंबरबाईला आकडा विचारू नकोस, अक्षता ठेव आणि पुढं हो. मी ऐकलं नाही. नियम तो नियम, असं माझ्या नव्या धोतराला वाटत होतं.

झुंबरबाई तेव्हा साठीला आलेली. तिचा नवरा बजरंग घाटात रेल्वेच्या गँगवर होता, तो मानमोडीच्या साथीत गेला. मूलबाळ नव्हतं. आणि पार पंचविशीपासून तिला माणसं ऐकू यायची. दिसायची नाहीत, नुसती बोलायची. मांत्रिक झाले, गंडेदोरे झाले, लिंबं उतरवून झाली. गावातली लिंबं संपली, पण तिची माणसं काही हलली नाहीत. नवरा गेल्यावर दिरांनी झऱ्याच्या वाटेवर तिला एक खोपट बांधून दिलं, सालाचे दाणे ठरवून दिले आणि हात झटकले. तेव्हापासून सतरा वर्षं ती तिथं एकटी राहत होती. एकटी म्हणजे आपल्या हिशोबानं. तिच्या मते त्या खोपटात पाय ठेवायला जागा नव्हती.

मी अक्षता ठेवल्या आणि विचारलं, मावशी, किती पानं? तिनं मान वर केली. इतक्या वर्षांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळं तिला उत्तर द्यायला जरा वेळ लागला. मग तिनं मागं वळून खोपटात पाहिलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाली, सात. मीही मान डोलावून मोठ्यानं म्हणालो, सात पानं. तेवढ्यात डोक्यावर हंडा घेतलेली सरुबाई तिथून चालली होती. तिनं ऐकलं, आणि सरुबाईनं ऐकलं म्हणजे मळवलीपर्यंत ऐकू गेलं.

दत्तोबानं मला फैलावर घेतलं. तो म्हणाला, जी मानसं मला दिसत न्हाईत त्यांना मी लापशी वाढू व्हय? मी म्हटलं, अक्षता पडल्यात. आता तोही पाटील, नियमातला माणूस. मिशी चावतच म्हणाला, मांड.

तो दिवस आठवला की अजून हसून माझं पोट दुखतं. अंगणात मोठी पंगत, पुरुषांची ओळ पलीकडं, बायकांची अलीकडं. झुंबरमावशी आली ती फाटकंच पण स्वच्छ धुतलेलं लुगडं नेसून. दारात थांबली. एकेकाला आत घेतलं. कुणाला तरी म्हणाली, गार्डसायब, जरा वाकून, चौकट नवी हाय. मग बायकांच्या ओळीत एकेकाला बसवत गेली, आणि तेव्हा गावाला पहिल्यांदा कळलं की तिच्या घरात कोण कोण राहतं. एक थोरला, तो सारखा तिच्यावर खेकसायचा. दोघी जावा, त्या तिचीच निंदा करायच्या आणि तीही तिला ऐकू जाईल अशी. एक गार्डसायब, तो शिट्टी मारून तिच्या प्रत्येक कामाची वर्दी द्यायचा, आता झुंबर उठली, आता झुंबर चुलीपाशी गेली. एक म्हातारा नुसता खोकायचा. आणि एक मुकी होती, ती कधीच काही बोलली नाही, पण असायची. मुकीला तिनं आपल्या अगदी जवळ बसवलं.

हर हर महादेव झालं आणि पंगत बसली. दत्तोबा रीतीप्रमाणं हात जोडून ओळीतून फिरला, मंडळी, सावकाश होऊ द्या, सावकाश होऊ द्या म्हणत. इथंच त्याचं चुकलं. सगळ्यांची जेवणं झाली, पण पंगतीतून उठायचं ते सगळ्यांनी एकदम, आणि मावशीची माणसं अजून जेवत होती. दत्तोबानं अदबीनं विचारलं, मावशी, झालं का? ती म्हणाली, माजं झालं, थोरला आत्ता कुटं भाताला लागलाय.

गाव बसून राहिलं. हातावरचं खरकटं वाळलं. कुणाच्या मांडीवरचं पोर झोपलं, कुणाच्या मांडीला मुंग्या आल्या, एक म्हातारा तर बसल्या बसल्या घोरायला लागला. जावांनी आमटी परत मागितली. वाढपी बिचारा रिकाम्या पानावर आमटी वाढून आला, आणि येताना कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून उडी मारून आला. ते पाहून माझ्या नाकातून लापशी यायची बाकी राहिली. दत्तोबाच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या. मग मला एक सुचलं. मी उठलो, हात जोडून रिकाम्या पानासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, गार्डसायब, लोनावळ्याला गाडी लागलीय, तुमच्यावाचून सुटत न्हाई. मावशीनं कान दिला. मग ती खुशीत म्हणाली, व्हय म्हनत्यात, उटा सगळी. आणि सगळं गाव एकदम उठलं, त्यातले निम्मे हसून पडले.

आठ दिवस गाव नुसतं हसत होतं. मीही हसत होतो, आणि त्या हसण्यात एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरलीच नाही. त्या दिवशी मावशीनं चार वेळा भात घेतला होता. जिच्या चुलीतून धूर निघालेला क्वचितच कुणी पाहिला होता, ती बाई चार वेळा भात घेते, म्हणजे काय असेल? कुणी विचारच केला नाही. आम्ही हलकट, दुसरं काय.

पौषात ती झऱ्यापाशी पडलेली सापडली. मी उचललं तर हाताला वजनच लागेना. लोणावळ्याचा राजमहंमद टांगेवाला सरकारी टपालाच्या बाबूला सोडायला गावात आला होता. त्यानं काही न विचारता घोडा वळवला. वाटेत तिला शुद्ध आली. मी रागानं विचारलं, घरात दाणे असून उपाशी का राहतेस? आणि त्या टांग्यात तिनं जे सांगितलं ते गावानं पस्तीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, ‘थोरला म्हनतो आदी आमी. मी सगळ्यांना वाढते. त्ये भांडत बसत्यात, तवर अन्न गार व्हतं. मंग तो म्हनतो, आता त्यात इख हाय, खाल्लंस तर मरशील.’

मी म्हटलं, मग पाटलाच्या पंगतीत कशी जेवलीस?

‘तितं लय कालवा व्हता. त्याचं ऐकूच आलं न्हाई.’

राजमहंमदनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मग लगाम झटकून घोडा पळवला.

लोणावळ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर पुण्याकडचे होते, चष्मा लावलेले. त्यांनी तपासून सांगितलं, हे भूतबीत काही नाही, डोक्याचा आजार आहे. माझ्याकडं त्याला औषध नाही, आवाज जातील की राहतील तेही मी सांगू शकत नाही. ‘पण ही बाई आवाजांनी मरणार नाही,’ ते म्हणाले, ‘उपासानं मरेल. हिला तोला.’

दवाखान्यात काटा नव्हता, म्हणून आम्ही तिला स्टेशनच्या मालधक्क्यावर नेलं. मालबाबू म्हणाला, माणसं तोलायचा कायदा नाही. राजमहंमद म्हणाला, तर मग पार्सल समजा. मावशी काट्यावर चढली आणि तिच्यामागं तिची माणसं चढली. मालबाबू वजनं ठेवतोय आणि ही बाजूला बघून म्हणतेय, उतरा, मला एकटीला तोलत्यात, तुमी सरकारी काट्यावर कुटं चढताय. गार्ड उतरला, म्हातारा उतरला, थोरल्याला दोनदा सांगावं लागलं. मालबाबू घाबरून आपल्या मागं बघायला लागला. सगळी उतरल्यावर काटा थांबला. एकतीस शेर. त्या धक्क्यावर शेजारीच गुळाच्या ढेपा होत्या, त्याही हिच्यापेक्षा भारी होत्या.

डॉक्टर म्हणाले, होळीपर्यंत एक मण भरली पाहिजे. नाहीतर पहिल्या तापात जाईल.

एक मण म्हणजे चाळीस शेर. होळीला अडीच महिने. दत्तोबानं हे ऐकलं आणि तो म्हणाला, मी पाटील आहे, ती झऱ्यावर मेली तर जबाबदारी माझी. होळीला मण भरला तर ठीक, नाही तर मी वडगावच्या कचेरीत कागद देतो, पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवतो, तिथं निदान घास तरी मिळेल. तो दुष्टपणानं म्हणत नव्हता, म्हणून तर मला जास्त राग आला. ही बाई झऱ्याची वाट सोडून कधी शिवारापलीकडं राहिली नाही. तिला अनोळखी भिंतीत नेऊन ठेवलं असतं तर ती चार दिवस टिकली नसती, असं मला वाटत होतं.

घरी येऊन मी आमच्या मंडळीला सगळं सांगितलं. तिचं नाव धोंडाबाई, पण मी घेत नाही, तुम्हाला सांगितलं म्हणून बाहेर बोलू नका. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, म्हंजी तिचं औषिद कालवा हाय. मग उद्यापासून आपल्याकडं चूलबंद, जा, अक्षता घेऊन जा.

असं ते सुरू झालं. रोज सकाळी मी मावशीच्या उंबऱ्यावर अक्षता ठेवायचो आणि विचारायचो, किती पानं? ती म्हणायची, सात. रोज मी सात पत्रावळी लावायचो. पहिल्या दिवशी आमच्या घरी, दुसऱ्या दिवशी सरुबाईकडं, असं करत करत गावाला त्याचं वेडच लागलं. सहा पानांवर नखाएवढं वाढायचं आणि सातव्यावर ढीग. खालच्या आळीतल्या शालूबाईनं तिला तूप वाढलं हे कळताच पलीकडच्या घरानं खरवस केला. ज्या घरी मावशी जेवली ते घर दुसऱ्या दिवशी पाण्यावर सांगायचं, आमच्याकडं पावशेर वाढली.

आणि कालवा. अहो, तो तर हुकूमच होता. मावशी जेवायला बसली की घरातल्या सगळ्यांनी एकदम बोलायचं. काय बोलायचं ते ठरलेलं नाही, फक्त थांबायचं नाही. लोक भावकीची भांडणं राखून ठेवायला लागले, मावशी येईल तेव्हा भांडू म्हणून. वरच्या आळीत रखमाजी आणि त्याची बायको यांचा तीन वर्षं अबोला होता. त्यांची पाळी आली. मावशी पानावर बसली आणि घरात चिडीचूप. मी दारातून ओरडलो, अरं बोला, मावशीचा घास अडलाय. रखमाजीनं घसा खाकरला आणि बायकोला म्हणाला, भातात खडा हाय. तिनं तीन वर्षांचं सगळं एका दमात बाहेर काढलं. मावशी दोन भाकऱ्या जास्त जेवली. रखमाजीचा अबोला सुटला तो सुटलाच. पुढं तो मला भेटला की हात जोडायचा, आणि त्याची बायको भेटली की तोंड फिरवायची.

मधे माघात तिला खोकला झाला, ताप चढला. चार दिवस ती उठली नाही, तेव्हा पंगतच तिच्या खोपटात नेली. अकरा माणसं त्या खोपटात उकिडवी बसली, आणि धोंडाबाई, म्हणजे आमची मंडळी, भरवताना सारखी मोठमोठ्यानं माझी कागाळी सांगत होती. मी तिथंच उभा. मला तर वाटतं तिनं त्या चार दिवसांत मनातलं सगळं उरकून घेतलं. मावशीचा ताप उतरला. हाडं दिसायची ती दिसेनाशी झाली.

होळीच्या दिवशी सकाळी निम्मं गाव लोणावळ्याला चाललं. राजमहंमदनं टांगा सजवून आणला, घोड्याच्या कानात पळसाची फुलं. मालबाबूनं एवढी गर्दी पाहिली आणि कायद्याचं काही बोललाच नाही. मावशी काट्यावर चढली. मी वाट बघत होतो ती आता कुणाला उतरायला सांगते. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. खाली मान घालून उभी राहिली. मालबाबूनं वजनं ठेवली, काढली, परत ठेवली आणि म्हणाला, सवा चाळीस.

मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. रखमाजीनं मालबाबूला मिठी मारली. कुणीतरी गुळाच्या ढेपेवर चढून नाचलं. दत्तोबानं तिथल्या तिथं जाहीर केलं की दुपारी माझ्याकडं पुरणपोळी, सगळ्यांना चूलबंद. मी खिशातल्या अक्षता काढून तिथंच मावशीच्या हातावर ठेवल्या. ओरडूनच विचारलं, कारण आवाजच एवढा होता, मावशी, किती पानं? ती माझ्याकडं न बघता म्हणाली, सात.

दुपारी त्याच अंगणात पंगत बसली. बायकांच्या ओळीत मावशी, आणि तिच्याशेजारी सहा पानं. सगळं गाव इतकं आनंदात की पोळ्यांचा वास आणि माणसांचा गलका यात देवसुद्धा ऐकू आला नसता. मी पानांवर दुसऱ्या फेरीचं मीठ वाढत चाललो होतो. मावशीपाशी आलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं, तिनं आज कुणाला बसवलं नव्हतं. चौकटीत थांबली नव्हती, कुणाला वाक म्हणाली नव्हती. त्या सहा पानांकडं ती बघतच नव्हती. पोळी वाढलेली, तूप थिजायला लागलेलं, आणि तिचा हात मांडीवर तसाच.

मी वाकून विचारलं, मावशी, जेवत का न्हाईस?

ती म्हणाली, ‘सोपाना, मी खोटं बोलले. माजी मानसं सकाळपासनं आलीच न्हाईत. मी आता एकटीच हाय.’ मग माझं धोतर धरून तिनं विचारलं, ‘एका पानाचं आवतन उद्या येईल का रं?’

माझ्या हातातलं मीठ सांडलं. आम्ही तिला शेराशेरानं वाढवत होतो, आणि ही बाई अडीच महिने असं समजत होती की गाव तिच्या सहा जणांसाठी तिला बोलावतंय. एकटीला कुणी बोलावल्याचं तिला आठवतच नव्हतं, आणि आठवणार कसं, आम्ही कधी बोलावलंच नव्हतं. पुढं तिची माणसं परत आली, गेली, परत आली, पण पहिल्याइतकी खेकसली नाहीत. ते त्या वेळी मला कुठं ठाऊक होतं. 

दत्तोबा मागंच उभा होता, हात जोडून, सावकाश होऊ द्या म्हणायला आलेला. त्यानं ऐकलं होतं. त्यानं पागोटं काढून बगलेत मारलं, बायकांची ओळ आहे हे न बघता मावशीच्या शेजारच्या पानावर येऊन मांडी घातली, आणि मावशीला म्हणाला, ‘सरक जरा.’ बायकांनी पदर तोंडाला लावले. मग रखमाजी आला. त्याच्यामागं त्याची बायको आली आणि त्याच्याशेजारी न बसता एक पान सोडून बसली. त्या मधल्या पानावर सरुबाई बसली. आमची मंडळी हातातलं तुपाचं भांडं माझ्या हातात देऊन पाचव्या पानावर बसली. सहाव्यावर मीच बसलो, भांड्यासकट.

मावशीनं ओळीवरून बोट फिरवलं. एकदा मोजलं, परत मोजलं. वाढप्यानं विचारलं, पाटील, तुमी हितं कसं? दत्तोबा म्हणाला, ‘मी झुंबरमावशीच्या घरचा. वाढ.’

मावशीनं पोळी मोडली आणि जेवायला लागली.